दुर्गम रानात पर्यटन सुरू करायचं आहे, पण ती जागा बिघडू न देता. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की गाडीरस्त्यापासून दिवसभराच्या चालीवर असलेल्या, विरळ वस्तीच्या रानात पर्यटन आणायचं तर आधी होमस्टे काढावेत की तंबूंचा तळ. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. पहिला प्रश्न असा: एका दिवशी किती माणसं? हा आकडा ठरल्याशिवाय खोली बांधू नका, फोटोही टाकू नका. एकदा तीस खाटा बांधून झाल्या की त्या भरायची धडपड सुरू होते आणि मर्यादा मग कर्जाचा हप्ता ठरवतो, रान नाही.

आकडा काढायची रीत साधी आहे. पाणी, मैला, वाट आणि जखमी माणसाला बाहेर काढायची सोय, या चार गोष्टी किती माणसं पेलतात ते वेगवेगळं मोजा. चारांतला सर्वांत लहान आकडा तो तुमचा. सरासरी काढू नका.

पाणी मोजायचं ते वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात. २० लिटरची बादली झऱ्याच्या धारेखाली धरा आणि घड्याळ लावा. ४ मिनिटांत भरली तर मिनिटाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. हे सगळं तुमचं नव्हे. वस्ती, गुरं, खालच्या अंगाची शेती आणि रात्री पाण्यावर येणारी जनावरं यांचा हक्क आधीचा. पाहुण्यांसाठी मी दहावा हिस्साच धरायला सांगेन: ७२० लिटर. फ्लश आणि शॉवर असतील तर माणशी १५० लिटर सहज जातात, म्हणजे पाच माणसांनाही पाणी पुरणार नाही. कोरडा संडास आणि बादलीची अंघोळ असेल तर ४५ लिटरांत भागतं, म्हणजे १६ माणसं. यात स्वयंपाकी आणि वाटाडेही आले, हे बरेच जण विसरतात.

मैल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुर्गम ठिकाणं बहुधा इथूनच बिघडायला लागतात. १६ माणसांची दिवसाची लघवी साधारण २४ लिटर आणि विष्ठा ४ किलो धरा. १०० दिवसांच्या हंगामात ते २,४०० लिटर आणि ४०० किलो होतं. कंपोस्ट संडास बांधला की याची आपोआप माती होते असं समजू नका. हे संडास बिघडतात ते प्रामुख्याने लघवीमुळे. दोन्ही एकत्र पडलं की ढीग ओला राहतो, आत हवा जात नाही, अमोनियाचा वास सुटतो, माशा होतात. आणि एकदा वास यायला लागला की पाहुणे झुडपामागे जातात, म्हणजे संडास असून नसल्यासारखा. म्हणून बैठकीतच लघवी वेगळी करणारं भांडं बसवा. तिची नळी रुंद आणि सरळ उताराची ठेवा, कारण वाकणात क्षार साचून ती तुंबते. लघवी एकाच खड्ड्यात न सोडता झऱ्यापासून लांब, विस्तीर्ण जमिनीत मुरू द्या. विष्ठेवर दर वेळी दोन मुठी कोरडा भुसा किंवा चुरलेला वाळका पाला पडला पाहिजे. नुसती माती टाकली तर ढीग घट्ट बसतो. कप्पे दोन हवेत: एक भरला की बंद करायचा आणि दुसरा उघडायचा.

उंचावर मात्र ही युक्ती अपुरी पडते. ढिगाचं तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली गेलं की कुजण्याचं काम फार मंदावतं आणि वर्षभर बंद ठेवलेला कप्पाही तसाच कच्चा निघतो. तिथे झाकणबंद पिंपं वापरून मैला खाली आणणं हाच खात्रीचा मार्ग. ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवरून बोटीने मुक्कामी जाणाऱ्यांना विष्ठा डब्यात भरून बाहेर न्यावी लागते, आणि हा नियम तिथे वर्षानुवर्षं चालतो. वाटेवर, जिथे संडासच नाही तिथे, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, पाण्यापासून निदान ६० मीटर दूर. कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणायचे.

आता वाट. पायवाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवू नका. डोंगर २० टक्के उताराचा असेल तर वाट जास्तीत जास्त १० टक्के. याहून तीव्र झाली की पावसाचं पाणी वाट ओलांडून न जाता तिच्यावरूनच धावतं आणि दोन-चार पावसाळ्यांत तिची घळ होते. वाटेला दरीच्या बाजूला ५ टक्के कल द्या आणि ठरावीक अंतरावर तिला थोडी खाली उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे पाणी तिथे बाहेर पडतं. लाकूड किंवा दगड आडवे लावून केलेले बांध गाळाने भरतात. दर वर्षी साफ करणारा माणूस नसेल तर ते निरुपयोगी. नागमोडी वळणावर पुढचं वळण दिसत असेल तर लोक मधून उतरणारच, तेव्हा वळणं झाडी किंवा खडकांच्या आड घ्या.

इथेच एक समज दूर करायला हवा: माणसं सगळीकडे थोडी थोडी पसरवली की नुकसान कमी होतं, हा. नियमित वापराच्या ठिकाणी नेमकं उलटं घडतं. कोऱ्या जमिनीवर पहिले काही मुक्कामच सर्वांत जास्त गवत मारतात. त्यानंतर वापर दुप्पट झाला तरी नुकसान तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून दहा नव्या जागांपेक्षा दोन-तीन कडक, खडकाळ जागा पक्क्या करा आणि बाकी रानाला हात लावू नका.

सुटकेचं गणित लोक टाळतात. स्ट्रेचरला एका वेळी ६ माणसं लागतात आणि खडबडीत वाटेवर पंधरा मिनिटांत हात बदलावे लागतात. लांब पल्ल्याला १८ धडधाकट माणसं धरा. हंगामात वस्तीत इतकी माणसं हजर नसतात का? मग सहलीचा शेवटचा टप्पा जवळ आणा. सॅटेलाइट फोन हवाच, पण तो कुणाकडे असेल आणि चार्ज कोण करेल हेही लिहून ठेवा.

आकडा कडक पाळणं अशक्य नाही. न्यूझीलंडच्या मिलफर्ड ट्रॅकवर हंगामात स्वतंत्रपणे चालणाऱ्या फक्त ४० जणांना रोज सोडतात, तेही एकाच दिशेने. पेरूतली इंका वाट दिवसाला ५०० माणसांपुरती आहे, हमाल आणि वाटाडे धरून, आणि फेब्रुवारीत ती दुरुस्तीसाठी बंद असते. रवांडात गोरिलांच्या एका कळपाकडे दिवसातून ८ पर्यटक जातात, तासाभरापुरते. २०१७ मध्ये तिथला परवाना ७५० डॉलरवरून १,५०० डॉलर झाला आणि उद्यानाच्या उत्पन्नातला भोवतालच्या वस्त्यांचा वाटा १० टक्क्यांवर गेला. मागणी वाढली तर माणसं नाही, दर वाढवा.

पैशावरून गाव फुटतं. ज्याच्याकडे आधीच पक्कं घर आणि इंग्रजी बोलणारा मुलगा आहे त्याच्याकडेच सगळे पाहुणे जातात, बाकीचे दर पाडतात आणि वर्षभरात कुणी कुणाशी बोलत नाही. दर एकच ठेवा. घरांची पाळी फळ्यावर लिहा, नोंदणी एकाच वहीत करा आणि ती वही कुणालाही बघता येऊ द्या. पाहुण्यामागे ठरावीक रक्कम समाईक निधीत जाऊ द्या. वाटेची डागडुजी आणि पिंपांची वाहतूक त्यातूनच होईल. शेती आणि गुरं सोडू नका. २०२० मध्ये पर्यटन एका झटक्यात थांबलं तेव्हा फक्त पाहुण्यांवर जगणाऱ्या वस्त्यांचे हाल झाले.

जनावरांना खाणं टाकून किंवा आवाज वाजवून जवळ बोलावणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. ही सवय नंतर मोडता येत नाही.

शेवटी मोजमाप. वाटेवर दहा खुणेच्या जागी रुंदी टेपने, मुक्कामाची उघडी पडलेली जमीन, तळाच्या खालच्या अंगाला पाण्यातले ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू), आणि त्याच ठिकाणाहून त्याच दिशेने काढलेला फोटो, हंगामाच्या आधी आणि नंतर. प्रत्येक मापाला मर्यादा आणि ती ओलांडल्यावर काय करायचं, हे पाहुणे यायच्या आधी ठरवा. वाट एका जागी निम्म्याने रुंदावली तर तो टप्पा पुढच्या हंगामात बंद, असं. नंतर ठरवायला बसलात तर उत्पन्न समोर दिसत असतं आणि कुणीच हो म्हणत नाही. पहिल्या हंगामात काढलेल्या आकड्याच्या निम्म्यानेच सुरुवात करा, १६ आले असतील तर ८.