मुलगी सीझनच्या मध्यात अचानक मागे पडायला लागली. कार्बनची सायकल घेऊन द्यावी का?

नका घेऊ. निदान हा सीझन संपेपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की मुलगी १६ वर्षांची आहे, सप्टेंबरात जिल्ह्यात पहिली आली, पुढे राज्यात तिसरी, आणि डिसेंबरपासून प्रत्येक रेसमध्ये बंचच्या, म्हणजे मुख्य घोळक्याच्या, मागे सुटतेय. सर म्हणतात तीन किलो वजन उतरवा आणि सायकल बदला. सायकलचं राहू दे, ते वजनाचं वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. मी साताऱ्याची, राष्ट्रीयपर्यंत रेस मारलेली. हेच वाक्य मी एक अख्खा सीझन दर सोमवारी ऐकलंय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी नंबरांचा हिशेब बाजूला ठेवा. जिल्ह्याला मुलींच्या गटात लाईनवर किती जणी असतात ते तुम्हीही पाहिलं असेल. राज्याला पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूरच्या तयारीच्या मुली येतात. राष्ट्रीयला राजस्थान, हरियाणा, मणिपूर, अंदमान. मुलगी तीच, वेग तोच, आणि पहिल्या नंबरचा तिसरा होतो, तिसऱ्याचा सत्ताविसावा. याला फॉर्म जाणं म्हणत नाहीत. फॉर्म खरंच गेलाय का ते बघायचं तर एक चढ ठरवा, महिन्यातून एकदा सकाळी तिला तिथे पूर्ण जोर लावू दे आणि वेळ लिहून ठेवा. सपाटीवर वारा फसवतो, चढावर त्यामानाने कमी.

माझा चढ यवतेश्वरचा. आमच्या सरांनी वही करायला लावली होती, तीत दर सोमवारचं वजन लिहायचं. किराणा दुकानाच्या काट्यावर सगळ्या मुलींची रांग, आकडा मोठ्याने वाचायचा. शेजारच्या रकान्यात यवतेश्वरची वेळ मी आपणहून लिहायला लागले. सीझन सुरू झाला तेव्हा ५३ किलो आणि चोवीस मिनिटं. दिवाळीपर्यंत दोन किलो उतरले, वेळही थोडी सुधारली, सर खूश. तिथून पुढे वजन उतरत गेलं आणि वेळ वाढत गेली. जानेवारीत ४९ किलो आणि सव्वीस मिनिटं. सर वही बघायचे, पण डावा रकानाच. उजवा दाखवला तेव्हा म्हणाले, जिद्द कमी पडतेय.

दिनक्रम असा होता. पहाटे उपाशीपोटी घाट, मग कॉलेज, संध्याकाळी रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल मारत, एक तास, रात्री अर्धी भाकरी आणि ताक. भात बंद, शेंगदाण्याचा लाडू म्हणजे तर पापच. रविवारी रेस. सरकारी स्पर्धा मोजक्याच असतात, पण मधल्या रविवारी कुणाची तरी जयंती, कुठल्या गावची यात्रा, कुणा नेत्याचा वाढदिवस, आणि प्रत्येक ठिकाणी क्लबचा बॅनर लागला पाहिजे. पूजा दानोळेनं खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवल्यापासून आमच्या भागात मुलींच्या रेसना चांगली गर्दी होते, त्याचा मला आनंदच आहे. पण बक्षिसाच्या कुकरसाठी पोरींना दर आठवड्याला पिळून काढणारे लोकही त्याच गर्दीत असतात.

राष्ट्रीय राजस्थानात होती. सरळसोट सपाट रस्ता, कडाक्याची थंडी. टाइम ट्रायलला, म्हणजे एकटीने घड्याळाशी मारायच्या रेसला, एकेका मिनिटाच्या अंतराने सोडतात. वळसा मारून परत येताना माझ्या मागून सुटलेली मुलगी मला ओलांडून गेली, थोड्या वेळाने तिच्याही मागची. आणि विचित्र काय, तर पाय दुखत नव्हते, धापही लागत नव्हती. धाप लागावी इतके पाय फिरतच नव्हते. बाकीच्या मुली रेषा ओलांडून ओकत होत्या, आडव्या पडत होत्या, आणि मी भाजी आणायला गेल्यासारखी आले. सरांनी तिथूनच घरी फोन लावला: वजन अजून दोन किलो जास्त आहे.

घरी आल्यावर जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा आई दवाखान्यात घेऊन गेली. पाळी दिवाळीपासून आलेली नव्हती. एका सीनियर मुलीने तर सांगितलं होतं, बरंच झालं, रेसला अडचण नाही. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. बायकांमध्ये बाराच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो तळाला. डॉक्टर बाईंनी खाण्याचं विचारलं, आईने सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिला शर्यतीला पाठवताय की उपवासाला?"

खर्च जास्त आणि जेवण कमी असलं की शरीर काटकसर करतं. ज्या गोष्टींवाचून आज जगता येतं त्या आधी बंद: पाळी जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, झोप बिघडते, कष्टांनंतरची डागडुजी थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नावही दिलंय. मुलग्यांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

आता आमच्या काकांविषयी. माझी पहिली रेसिंग सायकल त्यांनी पीएफमधून पैसे काढून घेऊन दिली, त्यामुळे बोलायचा हक्क त्यांना आहे, आणि तो ते प्रत्येक लग्नात बजावतात. "अजून दोन किलो उतरवले असतेस तर आज रेल्वेत असतीस." काका, तुम्ही मराठीत लिहिलेलं सगळं वाचता, हेही वाचालच. राष्ट्रीयची ती रेस सपाट रस्त्यावर होती. सपाटीवर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, वजनाने तिथे नावापुरता फरक पडतो. वजनाचा फायदा चढावर. तर चढाचंच गणित घ्या. मी ५३, सायकल ९, एकूण ६२ किलो. त्यातले ४ गेले म्हणजे फार तर सहा-साडेसहा टक्के फायदा व्हायला हवा होता. यवतेश्वरच्या चोवीस मिनिटांची साडेबावीस व्हायला हवी होती, झाली सव्वीस. म्हणजे पायातली ताकद या फायद्याच्या दुप्पट घटली. हा जिद्दीचा प्रश्न कुठून आला? आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाने रेसची सायकल ६.८ किलोच्या खाली चालत नाही. चालवणाऱ्या मुलीसाठी असा नियम कुणी केलेला नाही.

पुढे पावसाळ्यापर्यंत एकही रेस मारली नाही. लोहाच्या गोळ्या, दोन वेळचं पोटभर जेवण, भात परत सुरू. पुढच्या सीझनला काट्यावर ५४ होते आणि त्याच वर्षी यवतेश्वरची माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागली. रेल्वेत नोकरी तरीही लागली नाही, कारण त्या वर्षी सायकलिंगच्या जागाच निघाल्या नाहीत. हेही काकांनी लक्षात घ्यावं.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर रक्ताच्या सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन) आणि फेरिटिन या दोन्ही तपासण्या करा. नुसतं हिमोग्लोबिन बघू नका, ते ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. पाळीचं तिच्या आईने विचारावं, सरांनी नव्हे. दोन आठवडे रेस नाही, जोराचा सराव नाही. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायला सांगा, नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त राहायला लागली तर विश्रांती पुरलेली नाही. तासाच्या वरच्या सरावाला दर तासाला एक-दोन केळी किंवा गुळाचे खडे पोटात गेलेच पाहिजेत. जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. शिवजयंतीच्या आणि यात्रेच्या रेस यंदा सोडा.

आणि ताकद यावी म्हणून कुणी सलाइन लावायला सांगेल, आमच्याकडे सर्रास सांगतात. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन शिरेतून घेणं डोपिंगच्या नियमात बसत नाही, रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराचा भाग असेल तरच चालतं. साधं ग्लुकोज असलं तरी.

मी डॉक्टर नाही. तिचं सगळं नॉर्मलही निघेल आणि बारावीचं टेन्शन नाहीतर मैत्रिणीशी भांडण एवढंच कारण असेल. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय सुरू करू नका, जास्त लोहही वाईट. वजनाला काहीच अर्थ नाही असंही मी म्हणत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोर घाट सगळ्यात आधी चढून 'घाटाचा राजा' होणारा गडी जाडजूड नसतो. पण वाढत्या वयातल्या मुलीचं वजन भर सीझनमध्ये, आहारतज्ज्ञाशिवाय, काट्यासमोर रांगेत उभं करून उतरवायचं नसतं.

सायकलचं थोडक्यात. अॅल्युमिनियमची फ्रेम तिच्या मापाची असेल तर तीच ठेवा. चांगले टायर घ्या, बेअरिंग बदला, सीटची उंची जाणकाराकडून बसवून घ्या. जुनी कार्बन स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, आतली चीर वरून दिसत नाही.

सरांशी भांडत बसू नका, रिपोर्ट समोर ठेवा. समजूतदार सरही असतात, मला पुढे एक भेटले. आमच्या त्या सरांनी माझा रिपोर्ट दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "पण रविवारी येतेयस ना?"