अ‍ॅक्सिस अँड अ‍ॅलाइजमध्ये अमेरिकेने आधी कोणावर जायचं, जर्मनीवर की जपानवर?

तुम्ही दुसऱ्या महायुद्धावरच्या या पटखेळाची ‘१९४२: दुसरी आवृत्ती’ खेळताय असं धरून लिहितो.

जर्मनीवर. पण त्याहून महत्त्वाचं, एकाच महासागरात. अमेरिकेचं उत्पन्न ४२ आयपीसी (खेळातले पैसे), सगळ्यांत जास्त, आणि नवा खेळाडू तिथेच भुलतो: थोडं इकडे, थोडं तिकडे. माझे सुरुवातीचे कित्येक डाव असेच गेले. पॅसिफिकमध्ये एक विमानवाहू नौका, अटलांटिकमध्ये एक वाहतूक जहाज, दोन्हीकडे ‘पुढच्या फेरीत बघू’, आणि तोवर मॉस्को पडलेलं. मॉस्को पडलं की रशियाच्या तिजोरीतले आयपीसी जिंकणाऱ्याच्या खिशात जातात, रशियाची खरेदीही थांबते. त्यामुळे आता खरेदीआधी मी एवढंच बघतो, की याने मॉस्कोवरचा ताण किती फेऱ्यांत हलका होईल.

अटलांटिकमधून हा ताण लवकर हलका होतो. पहिल्या पाळीत घेतलेलं सैन्य दुसऱ्या पाळीत उत्तर आफ्रिकेत उतरवता येतं. पॅसिफिकमध्ये आधी जपानी आरमाराला पुरून उरेल असा ताफा हवा, सैन्य त्यानंतर.

बॅटलशिप दिसते देखणी, पण २० आयपीसी! तेवढ्यात दोन वाहतूक जहाजं (७-७) आणि दोन पायदळं (३-३) येतात. एका जहाजात एक पायदळ आणि आणखी एक भूदलाची सोंगटी मावते. ती दुसरी शक्यतो तोफखान्याची (४) घ्या, कारण तोफखाना सोबत असला की हल्ल्यात पायदळ फाशावर १ऐवजी २पर्यंत पडलं तरी मारतं. ही जहाजं स्वतःचा बचाव करू शकत नाहीत. जवळ ८ची विनाशिका आणि ब्रिटिश ताफा नसेल, तर जर्मन विमानं एका पाळीत सगळं बुडवतात. माझं बुडालंय, दोनदा.

जपान मोकाट सुटेल ही भीती रास्त आहे. भारतातल्या कारखान्यातून फेरीला ३ सोंगट्या निघतात. जपानला अडवायला ब्रिटनवाल्याला तिथे पायदळ ओतायला लावा. (खऱ्या युद्धातही ‘आधी जर्मनी’ ठरलं होतं, १९४१-४२च्या वॉशिंग्टन बैठकीत, तरी अमेरिकी नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल किंग पॅसिफिकसाठी भांडत राहिलेच.)

एका वेळी मात्र मी बेत बदलतो. जपानने आरमार दूर हिंदी महासागरात नेलं आणि बोर्निओ, ईस्ट इंडीज ही ४-४ आयपीसीची बेटं उघडी टाकली, तर ६-६च्या दोन पाणबुड्या आणि एक भरलेलं जहाज तिकडे धाडतो. बेटं नाही मिळाली तरी चालेल, जपानला ताफा मागे वळवावा लागतो.