व्हिडिओ का उडवला ते तरी सांगा!

प्रश्न: ताई नमस्कार, मी सांगलीचा. आमच्याकडं पूररेषेच्या आत भराव टाकून प्लॉट पाडलेत, त्याचा व्हिडिओ टाकला होता, आयर्विन पुलापासून पुढं चालत चालत शूट केलेला. शिवी नाही, कुणाचं नाव नाही. परवा अचानक मेल आला की सरकारी विनंतीमुळं हा व्हिडिओ भारतात दिसणार नाही. कारण नाही, ऑर्डर नाही. घरचे म्हणतायत गप बस. असं करता येतं का?

उत्तर: घरच्यांची काळजी समजते, पण गप बसू नका दादा. मेल परत एकदा नीट वाचा, कारण कधी मागं वाजणाऱ्या गाण्याचा कॉपीराइट निघतो, कधी कंपनीच आपल्या नियमानं काढते, तसं असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं जायचं आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारी अपील समितीकडं. तुमच्या मेलमध्ये मात्र सरकार म्हटलंय.

सरकारला आयटी ॲक्टच्या कलम ६९अ खाली ब्लॉक करता येतं, पण कारणं ठरलेली आहेत, देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, परदेशांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था असली. नदीकाठचा भराव दाखवला तर यातलं काय धोक्यात येतं, सांगा बरं! दुसरा रस्ता कलम ७९चा, त्यात कंपनीला नुसती नोटीस जाते आणि लोकांच्या पोस्टसाठी आपल्याला जबाबदार न धरण्याचं कायद्याचं संरक्षण जाईल म्हणून कंपनी लगेच काढून मोकळी होते.

२०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यानंतर श्रेया सिंघल केस झाली आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ऑनलाइन पोस्टवरून अटक करू देणारं कलम ६६अ रद्दच केलं. ६९अ ठेवलं, पण का, तर ऑर्डरमध्ये लेखी कारणं द्यावी लागतात, त्यावर कोर्टात जाता येतं, आणि पोस्ट करणारा माहीत असेल तर त्याचंही ऐकून घ्यायचं असतं म्हणून. आता तुमचं नाव चॅनेलवर धडधडीत आहे, तरी कुणी विचारलं नाही. वर ६९अ खाली ब्लॉक कसं करायचं याच्या २००९च्या नियमांत १६वा नियम गुप्ततेचा, म्हणजे तक्रार कुणाची, कारवाई काय, सगळं झाकलेलं, आणि मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. सांगलीच्याच खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रजांनी १९१० मध्ये बंदी घातली, ते चूकच होतं, पण बंदी कुणी घातली हे तरी लोकांना माहीत होतं. जी ऑर्डर हातातच नाही तिच्याविरुद्ध माणसानं भांडायचं कसं?

म्हणून आधी ऑर्डरच मागा. कंपनीला उलट मेल करा की कुठलं कलम, कुठलं ऑफिस, कॉपी द्या. आरटीआय पण टाका, नकार आला तरी तो लेखी येतो आणि पुढं कामाला येतो. मग हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारच्या कारवाईविरुद्धची याचिका. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली-सातारा त्यातच येतं. आणि मूळ फुटेज फोनवरून उडवू नका, एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन वकिलांकडं देऊन ठेवा.