सड्यावर जाण्याआधी

प्रिय,

रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) कातळात खोदलेली चित्रं, नुसती बघायची नाहीत, कागदावर उतरवून घ्यायची आहेत, असं तू लिहिलंस. मग आधी वेळेचं बोलू. पावसात खोदरेषांत पाणी आणि शेवाळ, नंतर कमरेएवढं गवत. गवत वाळून बसलं की जा. सूर्य उगवल्यानंतरचा तास आणि मावळण्याआधीचा तास, एवढंच खरं दिसतं. भर दुपारी उथळ रेषेत सावली पडत नाही, आणि अठरा मीटरचा हत्ती पायाखाली असूनही नुसता जांभा दिसतो.

हा हत्ती कशेळीचा, साधारण 18 बाय 13 मीटर. त्याच्या अंगात इतर प्राणी खोदलेले आहेत, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू नकोस. आधी उक्षीचा हत्ती कर. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेल्या जागांपैकी ही एक, आणि शिल्प एकटं, सुटसुटीत आहे.

सड्याला बहुतेक ठिकाणी खाजगी मालक असतो. त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. गुराख्यांशी बोलताना ‘कातळशिल्प’ म्हणू नकोस. ‘पांडवांनी खोदलेलं काही’ असं विचार, उत्तर लवकर मिळतं. खोदरेषेवर पाय नको. जाड बूट घाल, कारण फुरसं, हा विषारी साप, कातळाच्या फटीत बसतं आणि रंगाने दगडात मिसळून जातं. सावली नाही, तीन लिटर पाणी घे.

आता मोजणी. आकृतीच्या लांबीतून दोरी ताण. टोकांना खिळे ठोकायचे नाहीत आणि सड्यावरचे सुटे दगडही उचलायचे नाहीत. त्यांत दगडी हत्यारं असू शकतात. टोकांना पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेव. दोरीवर दर 50 सेंटिमीटरला खूण, प्रत्येक खुणेपासून काटकोनात रेषेपर्यंतचं अंतर टेपने. काटकोन डोळ्यांनी धरू नकोस. दोरीवर 3 मीटर, लंबावर 4 मीटर, तिरकं अंतर 5 मीटर भरलं तरच बरोबर. इथे चुकलं की हत्तीची पाठ तिरपी होते, आणि ते घरी आल्यावर कळतं. 1:50 प्रमाण घेतलंस तर कशेळीचा हत्ती ए-थ्री आलेख कागदावर बसतो, 36 बाय 26 सेंटिमीटरमध्ये. माणसाएवढ्या आकृतीला 1:10 बरं.

देवाचे गोठणे इथे उत्तर दिशा ठरवायला होकायंत्रावर भरवसा नको. तिथे सुई भरकटते, फोनचीही. दुपारी बाराच्या आसपास काठी सरळ धर, सावलीच्या टोकाशी बाटलीचं झाकण ठेव. वीस मिनिटांनी दुसरं. पहिलं पश्चिमेला, दुसरं पूर्वेला. उत्तर त्या रेषेला काटकोनात.

फोटोत 10 सेंटिमीटरची पट्टी हवीच. त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर प्रत्येक फोटोत आधीच्याचा 70 टक्के भाग आला पाहिजे, आणि सगळे वीस मिनिटांत संपव, नाहीतर सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. खडू, चुना, रांगोळी रेषेत भरण्याचा मोह फार होतो. भरलेली रेषा म्हणजे तुझा अंदाज. एकदा पांढरी केलीस की पुढच्याला दगडातली मूळ रेषा दिसत नाही. अंधारात टॉर्च जमिनीलगत आडवा धरलास तर पुसट रेषाही उठते.

सगळ्यात जास्त घाई नाव देण्यात होते. बारसूला माणूस आणि दोन वाघ, असं सगळे सांगतात. वहीत मात्र ‘मध्ये उभी मानवाकृती, दोन्ही बाजूंना चतुष्पाद’ एवढंच लिही, वाघ शेजारी प्रश्नचिन्हासह. गेंडा दिसला तरी तसंच. आज कोकणात गेंडा नाही, म्हणूनच त्या नोंदीला किंमत आहे आणि म्हणूनच ती चुकीची होऊन चालणार नाही. वयाचा आकडाही लिहू नकोस. उघड्या कातळावरच्या रेषेत कार्बन तपासायला काही उरत नाही.

नवीन शिल्प सापडलं तर अक्षांश-रेखांश कुठेही टाकू नकोस. शेजारी चिरेखाण असेल तर तीच जागा उद्या खोदली जाईल. आधी मालक, मग ग्रामपंचायत, मग राज्य पुरातत्त्व विभागाचं रत्नागिरीचं कार्यालय, आणि वहीची एक प्रत त्यांच्याकडे.