धाकटीला आजोळी ठेवलं, म्हणून हे झालं का?

ताई, तुम्ही विचारलंय : धाकटी दोन वर्षांची असताना आईनं तिला आजोळी ठेवलं, आता 22व्या वर्षी डॉक्टर 'बॉर्डरलाइन ट्रेट्स' म्हणतात (म्हणजे भावना टोकाला जाणं, सोडून जातील ही भीती, नाती सांभाळणं जड जाणं, अशी स्वभावातली लक्षणं), मग चूक आईची का?

आधी आईला त्यातून मोकळं करा. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत कितीतरी माउल्या लेकरं आजीजवळ ठेवूनच वावरात जातात. त्या सगळ्या लेकरांना हे होत नाही. घाबरलं की धावत जाता येईल, आणि बहुतेक वेळा सापडेल, असं एक तरी माणूस लेकराला लागतं. आजीही चालते. बिघडतं ते तेच माणूस कधी पोटाशी धरतं, कधी हाकलतं, किंवा रडलं की 'नाटकं करते पोट्टी' म्हणतं तेव्हा. त्यात काही लेकरं जन्मतःच हळवी असतात. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धत घडवणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी 1993च्या पुस्तकात दोन्ही जोडून मांडलंय : हळवा स्वभाव आणि भावनेला खोटं ठरवणारं घर एकमेकांना चढवत नेतात. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. आजोळी मारहाण किंवा काही वंगाळ घडलं असेल आणि ती आपणहून बोलली, तर ऐका. खोदून विचारू नका.

आता तुम्ही लिहिलेला तो प्रसंग. मैत्रिणीनं फोन उचलला नाही की पुन्हापुन्हा लावते, मग मेसेजवर शिव्या, मग रात्रभर 'मीच नालायक'. माझ्या मते हात घालायचा तो या शेवटच्या वाक्याला. लहानपणी ज्याला कोणी शांत केलं नाही, त्याला मोठेपणी स्वतःला शांत करणं जड जातं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003मध्ये सेल्फ-कम्पॅशनचे, म्हणजे स्वतःवरच्या मायेचे, तीन भाग सांगितले : स्वतःशी मायेनं वागणं, असं इतरांचंही होतं हे ओळखणं, आणि दुःख न दाबता, न वाढवता पाहणं.

पण तिला 'स्वतःवर प्रेम कर' म्हणून पाहा, उलट भडकेल. मायेत दगाच बसलेला असला की मायेचीच भीती वाटते, स्वतःच्या मायेचीसुद्धा. म्हणून तुम्ही एवढंच म्हणा, 'फोन उचलला नाही तर जीव घाबरला ना तुझा?' आणि थांबा. 'त्यात काय एवढं' नको. शिव्यांचं दुसऱ्या दिवशी, डोकं थंड असताना बोला. ते बोलायचंच, सोडून द्यायचं नाही.

गोळ्यांनी झोप, उदासी सावरते. मूळ उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा आहे, तोही लांबचा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समुपदेशनाचं विचारा. पुष्कळ जण काही वर्षांत बरेच सावरतात, हे आईलाही सांगा.

ती मरायची भाषा करत असेल किंवा हातावर ब्लेड मारत असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे : 14416, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर आजच बाहेर काढा, कुलपात ठेवा, किल्ली बाबांजवळ.