रविवारी मॅरेथॉन आहे, प्रॅक्टिस कमी झालीय आणि आता सर्दी सुरू झालीय, पळू का?

ताप आहे का ते आधी बघ. ताप, अंगदुखी, छातीत कफ यातलं काहीही असेल तर विषयच संपला, घरी झोप, कारण व्हायरल तापात जोर लावून पळलं तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि ती भानगड सर्दीसारखी चार दिवसांत जात नाही. नुसतं नाक गळतंय, शिंका येतायत, म्हणजे सगळं मानेच्या वरच आहे, तर हळूहळू पळायला सहसा हरकत नसते. पण हा नियम साध्या जॉगिंगचा आहे रे, ४२.१९५ किमीचा नाही!

आणि तुझा लाँगेस्ट रन किती झालाय? १८-२० किमीच्या पुढे गेलाच नसशील तर ३० किमीच्या आसपास पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, संपतं आणि मग जे काही होतं ते सर्दी नसतानाही नको वाटतं. मी एकदा असाच हट्टाने उतरलो होतो, शेवटचे १० किमी चक्क चालत, नाक पुसत, आणि नंतर तीन आठवडे खोकला.

तरी जायचंच असेल तर टायमिंग विसर, पहिल्या किलोमीटरपासूनच थोडं पळ थोडं चाल कर, आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर घेऊन तर अजिबात पळू नको, किडनीवर ताण येतो, नाक मोकळं करायच्या गोळ्यांनी ठोके वाढतात त्याही नको. छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबायचं. आयोजकांना विचार, कधीकधी एंट्री पुढच्या वर्षावर ढकलून देतात.