‘मी नियम पाळलो आणि आई एकटी गेली’

झोप लागत नाही, चिडचिड वाढलीय, बीपीची गोळी सुरू झालीय, असं काहीतरी सांगत माणूस माझ्याकडे समुपदेशनाला येतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्यातून कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला मे २०२१ बाहेर पडतो. कुणी निपाणीचं असतं, कुणी खानापूरचं. कुणाची लेक महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या चेकपोस्टवर चाचणीच्या कागदासाठी अडकलेली असते. वाक्य मात्र एकच: शेवटी भेटता आलं नाही. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की एकाची गोष्ट सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाळिशीचा गृहस्थ. गाव बेळगावच्या पश्चिमेला, नोकरी उद्यमबागेतल्या फौंड्रीत. आला तेव्हा २०२४ चा उन्हाळा होता आणि बाहेर कुणाच्याच तोंडावर मास्क उरला नव्हता. याच्या होता. बोलतानाही तो काढेना.

आई शहरातल्या एका दवाखान्यात अकरा दिवस होती. आत कुणाला सोडत नव्हते. हा रोज फाटकापाशी डबा द्यायचा आणि रिकामा डबा घेऊन परतायचा. शेजारच्या कॉटवाल्याचा मुलगा मात्र ओळख लावून, किट घालून दोनदा आत जाऊन आला.

“मी नियम पाळलो मॅडम, आणि आई एकटी गेली. मामा अजून म्हणतो, आत गेला असतास तर वाचली असती.”

कबूल करते, पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. नियम का होते ते समजावत बसले. लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू पसरत होता, म्हणून धडधाकट माणसालाही मास्क आणि म्हणूनच आत भेटायला बंदी. घरात मधुमेही वडील होते, आत जाऊन आला असता तर रात्री त्यांच्याच शेजारी झोपला असता. सगळं खरं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कळतंय मॅडम. पटत नाही.”

माहितीनं दुखणं हलत असतं तर आमच्या धंद्याला कुलूप लागलं असतं. तिसऱ्या भेटीत मी गप्प बसले आणि एकच विचारलं, “डोळे मिटल्यावर नेमकं काय दिसतं?”

बराच वेळ गेला. “आई पाणी मागतेय. सगळे कन्नड बोलणारे. तिला कुणी समजून घेतलं नसंल.”

म्हणजे हा छळ मरणाचा नव्हताच. एका घोट पाण्याचा होता.

“पाण्याला कन्नडमध्ये काय म्हणतात?”

“नीरु.”

“कुणी शिकवलं तुम्हाला?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मास्क हनुवटीखाली ओढला, पहिल्यांदाच. “आईनंच की. गणपत गल्लीत भाजी विकायची. मी लहान होतो, पाटीशेजारी बसवायची. ‘बर्री अक्का, ताजा ऐती, तगोरी’ असं ओरडायची. भाव करायला कुणाला ऐकायची नाही.”

मग रडला तो, खूप. रडता रडता अजून एक आठवलं, तीन वर्षं कुठं दडून बसलं होतं कोण जाणे. चौथ्या दिवशी डबा परत देताना आयाबाई हसून म्हणाली होती, “निम्म अव्वा भाळ माताडतार.” तुमची आई फार बोलते.

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि तो प्रश्न ऐनवेळी सुचला याचं मला अजून बरं वाटतं. त्या दिवशी मला लख्ख दिसलं: स्वतःला गुन्हेगार ठरवायचं तर गेलेल्या माणसाला असहाय ठरवावंच लागतं. पाटी डोक्यावर घेऊन दोन भाषांत बाजार करणाऱ्या बाईला यानं पाणीही मागता न येणारी म्हातारी करून टाकलं होतं. आई शेवटी एकटी होती, हे खरंच. ते मी पुसायला गेले नाही.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनं काम करते. ती घडवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा सगळा भर वाक्यातल्या हट्टावर असतो, आणि मराठीत तो हट्ट एका ‘च’मध्ये मावतो. ‘मी तिथं असायलाच हवं होतं’ आणि ‘मी तिथं असतो तर बरं झालं असतं’, ही दोन वाक्यं मी त्याला मोठ्यानं म्हणायला लावली. दुसऱ्यातही दुःख आहे, पण फाशी नाही.

रागाचं वेगळं. केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्च २०२० च्या सूचनांत, मृतदेहाच्या पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडून नातेवाइकांना अंत्यदर्शन द्यायला आणि स्पर्श न करता धार्मिक विधी करायला परवानगी होती. कित्येक ठिकाणी गर्दीत आणि भीतीत तेवढंही झालं नाही. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर राग रास्त आहे. तो दवाखान्यावर असू दे, स्वतःवर फिरवू नका. आणि ‘आत गेला असतास तर’ म्हणणाऱ्या मामाला वाद न घालता सांगा, “मामा, ती माझी आई होती. हे परत बोलू नका.” आमच्या गृहस्थानं हे सांगायला दोन महिने घेतले.

झोप आणि भूक महिनोन्‌महिने गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. मावशी आयसीयूत होती, भेटीची वेळ जेमतेम दहा मिनिटं. यानं पहिल्याच दिवशी घरातल्या एकाचं नाव आणि फोनची वेळ नर्सबाईंकडे ठरवून घेतली होती, चष्मा आणि कवळी पिशवीत घालून आत पाठवली होती. “आणि डब्यावर चिकटपट्टी लावलोय मॅडम. नाव मराठीत, कन्नडमध्ये, दोन्हीत. खाली लिहिलोय, डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोला.”